पश्चात्ताप की मंत्रचळ?

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत कुणी सारखी पापक्षमा मागू लागला, की लोक त्याला भक्तिमान तरी समजतात, नाहीतर विश्वासात कच्चा. त्याला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असेल हे क्वचितच सुचतं. यात नको ते विचार सतत येतात आणि ते शमवायला तीच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटते. मंत्रचळ म्हटलं की आपल्याला हात धुणंच आठवतं. पण हा आजार बऱ्याचदा माणसाला जे प्राणप्रिय असतं त्यालाच धरतो, आणि श्रद्धाळू माणसाला श्रद्धेहून प्रिय काय असणार?

पश्चात्तापामागे बहुधा एखादं ठरावीक कृत्य असतं. भावाशी खोटं बोललो, त्याची माफी मागितली, प्रार्थना केली, मन हलकं झालं. मंत्रचळात बऱ्याचदा असं काही केलेलंच नसतं. प्रभुभोजनाचा प्याला हातात असताना मनात ख्रिस्ताविषयी शिवी येते आणि माणूस हादरतो. घरी येऊन क्षमेची प्रार्थना करतो. एक शब्द मनापासून म्हटला नाही असं वाटतं, मग पुन्हा पहिल्यापासून. मध्यरात्र उलटते. जरा बरं वाटतं, तोच शंका परत हजर.

मग तो पाळकसाहेबांना गाठतो. बायबलात मार्क ३:२९ मध्ये ज्याला क्षमा नाही म्हटलंय, ते पवित्र आत्म्याविरुद्धचं दुर्भाषण माझ्याकडून झालं का? ते प्रेमानं "नाही रे" म्हणतात. एकदा समजावणं योग्यच. पण रोज दिलेला तोच दिलासा आजाराला खतपाणी घालतो. मला वाटतं, आपल्या मंडळ्या इथेच चुकतात, तेही मायेपोटी. त्यापेक्षा, उपचार करणाऱ्यांशी आणि त्याच्याशी आधी ठरवून, "पोरा, हा प्रश्न तुझा आजार विचारतोय. उत्तर देत नाही, चल, खुर्च्या आवरू," असं म्हणावं. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसा इथे अशाच शंकांनी जीव देण्याच्या विचारापर्यंत गेला होता. जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत, असं ठरवल्यावर तो सावरला.

आजचा उपचारही त्याच वाटेनं जातो: भीतीचा विचार येऊ द्यायचा आणि क्षमेची आवर्तनं थांबवायची, हळूहळू, तज्ज्ञाच्या मदतीनं. गोळ्यांचा गुण यायला बरेचदा आठ ते बारा आठवडे लागतात. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं निदान आपण तरी म्हणू नये. औषधोपचारासाठीचं मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून आपल्याच ख्रिस्ती लोकांनी चालवलं. भूत काढणं, उपास लादणं यानं भीती वाढते.

सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच्यासोबत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही मोफत बोलता येतं. "जगावंसं वाटत नाही," असं तो म्हणाला, तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका.