कृतज्ञतेची वही वर्गात आली कुठून?

महाराष्ट्रातल्या शाळांत पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम 2024 मध्ये आला. तेव्हापासून मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी वेळापत्रकात हक्काची जागा आहे. तिथे कृतज्ञतेची वही, म्हणजे ज्यांच्याबद्दल आभारी वाटतं ते लिहायची वही, सुरू करायची, तर तिचा प्रवास माहीत असावा.

2003 मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, एका गटाने कृतज्ञता वाटावी अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिला गट अधिक समाधानी आढळला. 2008 मध्ये जेफ्री फ्रोह यांनी हाच प्रयोग सहावी-सातवीच्या 11 वर्गांतल्या 221 मुलांवर केला, मात्र रोज आणि दोनच आठवडे. शाळेबद्दलचं समाधान वाढलं आणि तीन आठवड्यांनंतरही टिकलं.

पुढे अशा अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यांत मुलांवरचा परिणाम किरकोळच दिसला, आणि त्याचं नवल नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक वहीत 'आई, बाबा, शाळा' हेच उतरतं. मोठ्यांवरच्या एका प्रयोगातही आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना फायदा झाला.

खरं वळण 2014 चं. फ्रोह आणि सहकाऱ्यांनी 8 ते 11 वर्षांच्या मुलांना यादी लिहायला न लावता मदतीकडे नीट पाहायला शिकवलं: समोरच्याने हे मुद्दाम केलं का, त्याला काय झीज सोसावी लागली, मला काय मिळालं? आठवड्याला एक असे पाच पाठ झाले. परिणाम पाच महिन्यांपर्यंत दिसला. आमच्या मते शाळेने उचलायचं ते हेच.

लातूर-धाराशिवच्या मुलांना ही नजर परकी नाही. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, शेतात कडब्याची कोप (खोपटी) उभी राहते, पांडवांची पूजा होते, भज्जी (मिसळीची भाजी) आणि आंबिलाचा नैवेद्य दाखवून आंबील रानात शिंपडतात. पोळ्याच्या सणात बैलाची खांदेमळणी होते, म्हणजे त्याचे खांदे चोळतात. दोन्हीकडे कोणी काय दिलं हे नेमकं ठाऊक असतं, म्हणून येळवशीनंतरच्या शनिवारी पहिला पाठ घेणं सोपं जातं. 'शेताचे आभार' असं मोघम लिहून घेऊ नये. पेरणी कोणी केली, आंबील कोणी आंबवलं, त्यासाठी कोण पहाटे उठलं, हे विचारावं. एक माणूस, तीन प्रश्न, चार-पाच ओळी, दहा मिनिटं. पुढच्या आठवड्यात माणूस बदलायचा, खिचडी शिजवणाऱ्या मावशी किंवा बसचे कंडक्टर चालतील.

बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात आई-वडील फडावर असतात आणि कितीतरी मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांच्याकडून परिपाठात मोठ्याने आभार वदवून घेतले, तर दुःख गिळायला शिकवल्यासारखं होतं. वही खासगी ठेवावी, गुण देऊ नयेत, 'आज काही नाही' हे उत्तर चालवून घ्यावं. आणि ज्या मुलाचं पान आठवड्यामागून आठवडे कोरंच राहतं, त्याच्याशी शिक्षकांनी वर्गाबाहेर, एकट्याशी बोलावं.