अकरा महिन्यांचा भाडेकरार आणि त्याची नोंदणी: कोणी करायची, कशी करायची, कोणती कागदपत्रे लागतात

महाराष्ट्रात घर भाड्याने देताना किंवा घेताना सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की करार अकरा महिन्यांचाच असेल तर त्याची नोंदणी करावी लागते का. याचे उत्तर ‘होय’ असे आहे. नोंदणी अधिनियम, 1908 नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे आणि त्यावरूनच अकरा महिन्यांची प्रथा रुजली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 55 ने ही पळवाट बंद केली. या कलमानुसार लिव्ह अँड लायसन्स करार (जागेत हक्क न देता ती ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरू देणारा करार) असो वा साधा भाडेकरार, तो लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृतही असला पाहिजे. मुदत किती आहे, याने काही फरक पडत नाही.

मुद्रांक कागदावर मजकूर टंकलिखित करून नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे काम झाले, असे मानणारे घरमालक आजही पुष्कळ आहेत. नोटरी करणे म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. माझ्या मते दंडापेक्षाही पुढची तरतूद घरमालकाने अधिक गांभीर्याने घ्यावी. नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाडे किती ठरले होते, अनामत किती घेतली होती आणि मुदत कधी संपणार होती, हे सारे त्यात येते.

नोंदणीचा लाभ दोघांनाही होतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लेखी लिव्ह अँड लायसन्स करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर घरमालकाला कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जागा परत मिळेपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. भाडेकरूला तोच करार पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो, आणि त्याने दिलेली अनामत रक्कम त्यात नमूद असल्यामुळे ती परत मागताना त्याची बाजू भक्कम राहते.

घराचा मालक, सहमालक किंवा मालकाने कुलमुखत्यारपत्र दिलेली व्यक्ती यांना करार करता येतो. घर दोघांच्या नावावर असेल, तर करारात दोघांचीही नावे व सह्या असाव्यात. मालक परदेशी असल्यास कुलमुखत्यारपत्रात घर भाड्याने देण्याचा आणि करार नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे ना, हे आधी वाचून घ्यावे, कारण केवळ ‘देखभालीचा’ अधिकार दिलेल्या कागदावर काम अडते.

कागदपत्रांची यादी लांबलचक नाही. दोन्ही पक्षांचे आधार कार्ड व पॅन कार्ड, दोन साक्षीदार व त्यांची ओळखपत्रे, आणि मिळकतीचा पुरावा म्हणून इंडेक्स दोन (नोंदवलेल्या दस्ताचा नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा सारांश), मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल एवढ्यावर काम होते. मात्र मिळकतीचे वर्णन भरताना घाई करू नये. सदनिका क्रमांक, मजला, इमारतीचे नाव, सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक आणि चौरस फुटांतले क्षेत्रफळ हा तपशील इंडेक्स दोन समोर ठेवूनच लिहावा. वीजबिल आधीच्या मालकाच्या नावावर राहिलेले असते, इमारतीचे नाव बदललेले असते, आणि अशा विसंगतीमुळे दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारे शासकीय अधिकारी) अर्ज शेरा मारून परत पाठवतात.

नोंदणीसाठी दोन मार्ग आहेत. दुय्यम निबंधक कार्यालयात सर्वांनी प्रत्यक्ष हजर राहून दस्त नोंदवता येतो, किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-रजिस्ट्रेशन सेवेतून घरबसल्या नोंदणी करता येते. ऑनलाइन पद्धतीत आधी मजकूर भरायचा, मसुदा दोन्ही पक्षांनी वाचायचा, ‘ग्रास’ या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीतून शुल्क भरायचे आणि मग छायाचित्र व आधारशी जोडलेला अंगठ्याचा ठसा द्यायचा, असा क्रम असतो. ठसा घेण्याचे यंत्र स्वतःकडे नसल्यास अधिकृत सेवा पुरवठादार घरी येऊन हे काम करून देतात. ज्येष्ठ नागरिकांचे आणि कष्टाची कामे करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. अशा वेळी हात कोरडे पुसून दुसरे बोट ठेवून पाहावे आणि आधारमधील ठसे अद्ययावत करून घ्यावेत. पडताळणीनंतर नोंदणीकृत दस्त व इंडेक्स दोन संगणकावर उतरवून घेता येतात.

मुद्रांक शुल्काचा हिशेब स्वतः करता येतो. 60 महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी काही रक्कम असल्यास ती, आणि परतीच्या अनामत रकमेवर दरसाल 10 टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेवर 0.25 टक्के शुल्क लागते. समजा भाडे दरमहा 20,000 रुपये, अनामत 1,00,000 रुपये आणि मुदत 12 महिने आहे. भाड्याचे 2,40,000 व व्याजाचे 10,000 मिळून 2,50,000 रुपये होतात, आणि त्यावरील शुल्क 625 रुपये येते. नोंदणी शुल्क महानगरपालिका व नगरपालिका क्षेत्रात 1,000 रुपये, तर ग्रामीण भागात 500 रुपये आहे. सेवा पुरवठादाराचा मोबदला यापासून वेगळा असतो, म्हणून एकरकमी आकडा सांगितला गेल्यास शासकीय शुल्क किती आणि मेहनताना किती, हे विचारून घेणे हा दोन्ही पक्षांचा हक्क आहे. हा खर्च कोणी करायचा, हेही आधीच ठरवून करारात लिहावे.

करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतरच्या चार महिन्यांत दंड भरून विलंब माफ करून घेता येतो आणि हा दंड नोंदणी शुल्काच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो.

नोंदणीनंतर दोन कामे उरतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी, आणि ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही भरता येते. पोलीस आयुक्तालयांच्या आदेशानुसार ही माहिती देणे अनेक शहरांत बंधनकारक असते. घर सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल, तर संस्थेला आगाऊ कळवून कराराची प्रत द्यावी. बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून संस्था घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, असा शासनाचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश आहे, आणि हे 10 टक्के काढताना महापालिकेचे कर वगळायचे असतात. संस्थेने भाडेकरूची जात, धर्म किंवा अविवाहित असणे यांवर बोट ठेवून अडवणूक केली, तर सभासदाने लेखी कारण मागावे आणि गरज पडल्यास उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करावी.

मुदत संपल्यावर त्याच भाडेकरूला ठेवायचे असेल, तर जुन्या करारावर तारीख खोडून नवी घालणे चालत नाही. नवा करार, नवे शुल्क आणि नवी नोंदणी करावी लागते, म्हणून आधीच दोन किंवा तीन वर्षांची मुदत ठरवून दरवर्षीची भाडेवाढ त्याच दस्तात लिहिणे सोयीचे पडते.