ऑस्ट्रेलियातले मूळ निवासी आणि २८व्या दिवसाची सुई

रुमॅटिक ताप म्हणजे घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा आणि हृदयाच्या झडपांना इजा करू शकणारा आजार. त्यातून ऑस्ट्रेलियातली शहरे गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच सुटली. बरी घरे आणि पेनिसिलीन पुरेसे ठरले. दूरच्या, दाटीवाटीच्या वस्त्यांमधले मूळ निवासी मात्र सुटले नाहीत. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात त्यांनी स्वतःचा पहिला दवाखाना काढला आणि १९९७ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या उत्तर भागात रुग्णांची नोंदवही सुरू झाली. खरा गुंता तिथून पुढचा.

नोंदवही आली, तशी मोजणी आली. बेन्झाथिन पेनिसिलीन, म्हणजे आपल्याकडचे ‘पेनिड्यूर’, हा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर २८ दिवसांनी: वर्षाला १३ सुया. त्यांतल्या ८० टक्के घेतल्या की रुग्ण कागदावर पास. पण १३ पैकी ११ घेणारा मुलगा लागोपाठच्या दोन चुकवतो, तेव्हा आठ आठवडे संरक्षणाविना राहतो. म्हणून पुढे टक्क्यांऐवजी धोक्याचे दिवस मोजा आणि २१व्या दिवसापासूनच बोलावणे धाडा, असा आग्रह सुरू झाला.

त्याहून वादाचा ठरला ‘कम्प्लायन्स’, म्हणजे रुग्णाने उपचारांचे पालन करणे, हा शब्द. सौम्य करून तो ‘अ‍ॅडहेरन्स’ झाला, तरी सुई चुकली की बोट रुग्णाकडेच. ओळखीची नर्स काही आठवड्यांत बदलून जाते. अंत्यविधीसाठी कुटुंब दुसऱ्या वस्तीत मुक्कामाला जाते. तिथे घेतलेल्या सुईची नोंद घरच्या दवाखान्यात येत नाही. यांतले कशाचे ‘पालन’ रुग्णाने करायचे? शिवाय ती सुई दुखते. फ्रिजमधली सिरिंज आधी हातात धरून गारवा घालवायचा, मग ते दाट पांढरे औषध दोन-तीन मिनिटे सावकाश सोडायचे. घाईच्या ओपीडीत ही तीन मिनिटे कुठून आणायची?

दवाखान्यांची कार्यपद्धत सुधारून पाहणारा दहा वस्त्यांमधला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८० टक्के गाठणाऱ्यांचे प्रमाण एकंदरीत वाढलेच नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत प्रामाणिक निकाल हाच.

२०२० मध्ये, झडपांना इजा नसलेल्यांसाठी सुयांचा किमान काळ दहा वर्षांवरून पाचवर आला. मात्र २१ वय होईपर्यंत तरी त्या घ्यायच्याच. २०३१ पर्यंत आजार संपवण्याचे उद्दिष्टही जाहीर झाले. दरम्यान २०१९-२० मध्ये क्वीन्सलंडमधल्या डूमाजी या वस्तीतल्या तिघीजणी याच आजाराने गेल्या. २०२३ च्या न्यायिक चौकशीत दिसले, की वस्तीतल्या दवाखान्याच्या आणि रुग्णालयाच्या नोंदी एकमेकांना जोडलेल्याच नव्हत्या.