‘मी येईपर्यंत व्यापार करा’: जागे राहण्याच्या शिकवणीची पार्श्वभूमी

नोव्हेंबर सरत आला की मुंबईतल्या चर्चांमध्ये नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होतो. बाहेर वांद्र्यापासून वसईपर्यंत दुकानांत कागदी चांदण्या लटकलेल्या असतात, पण आत पहिल्या रविवारी गोठ्यातल्या बाळाचे नावही निघत नाही. वाचन असते ते न सांगता परतणाऱ्या घरधन्याचे, रात्री येणाऱ्या चोराचे, जागे राहण्याचे. कॅथोलिक उपासनाक्रमात १६ डिसेंबरपर्यंत भर प्रभू येशूच्या दुसऱ्या येण्यावर असतो आणि १७ तारखेपासून बेथलेहेमकडे तोंड वळते. नव्याने येणाऱ्यांना हा क्रम उलटा वाटतो. तो तसा का लागला आणि ‘जागे राहा’ म्हणजे नेमके काय करा, याचा इतिहास जवळपास दोन हजार वर्षांचा आहे. त्यातला बराचसा भाग लोकांनी काम सोडले तेव्हा काय झाले, याचा आहे.

आधी मूळ वचने पाहू. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात प्रवासाला निघालेला माणूस घर नोकरांवर सोपवतो, प्रत्येकाला ज्याचे त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. धनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल की सकाळी, हे कोणाला ठाऊक नाही. हे चार काळ म्हणजे रोमी पहाऱ्याच्या चार पाळ्या, प्रत्येकी साधारण तीन तासांच्या. जुन्या करारातला यहूदी हिशेब रात्रीच्या तीन पाळ्यांचा होता. मराठी बायबलमध्ये या पाळीला ‘प्रहर’ म्हटले आहे, आणि आपला प्रहरही तीन तासांचाच असल्याने शब्द अगदी चपखल बसतो. इंग्रजी वाचकाला जे टीप वाचून कळते ते मराठी वाचकाला आपसूक कळते.

मत्तयाच्या २४व्या आणि २५व्या अध्यायांत हीच गोष्ट तीन अंगांनी येते. पहिला आहे विश्वासू कारभारी. त्याची कसोटी एकच: घरातल्या माणसांना वेळच्या वेळी जेवण मिळते की नाही. धनी उशीर लावतोय असे मनाशी धरून सोबतच्या नोकरांना मारणारा आणि दारूड्यांबरोबर बसणारा तो वाईट कारभारी. दहा कुमारींच्या दृष्टांतात एक तपशील नेहमी निसटतो. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली, शहाण्या पाच जणींनाही. फरक झोपेचा नव्हता, वेगळ्या भांड्यात घेतलेल्या तेलाचा होता. त्यामुळे ‘जागरण’ हा शब्द इथे थोडा फसवा ठरतो. आपल्याकडे जागरण म्हटले की गोंधळ, भजन, रात्रभर न मिटलेले डोळे. सुवार्तेतली जागृती म्हणजे झोप लागली तरी तेल कमी पडू नये अशी आधीची तयारी.

तिसरा दृष्टांत पैशांचा. एक टॅलेंट म्हणजे ६,००० दिनार, आणि मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर एका टॅलेंटमध्ये वीस वर्षांची मजुरी येते. म्हणजे ज्या नोकराला ‘सर्वांत कमी’ मिळाले त्याच्याही हातात निम्म्या आयुष्याची कमाई होती. ती त्याने पुरून ठेवली, आणि पुढच्या काळातल्या यहूदी धर्मशास्त्राप्रमाणे पाहिले तर त्यात काही गैर नव्हते. दुसऱ्याचे पैसे जमिनीत पुरणे ही सांभाळण्याची सर्वांत सुरक्षित रीत मानली गेली होती. ते चोरीला गेले तरी राखणदारावर दोष येत नसे. दृष्टांतातला धनी रागावतो तो नुकसानीबद्दल नव्हे, अंग चोरल्याबद्दल. लूकच्या १९व्या अध्यायातल्या समांतर दृष्टांतात रक्कम लहान आहे. एक मिना म्हणजे १०० दिनार, वरच्याच हिशेबाने चार महिन्यांची मजुरी. तिथला हुकूम मात्र कोणत्याही मुंबईकराला लगेच कळेल: ‘मी येईपर्यंत व्यापार करा.’

ही शिकवण पहिल्यांदा अडखळली ती ग्रीसमधल्या थेस्सलनीकात. प्रेषित पौलाने तिथल्या मंडळीला पत्रे लिहिली ती इ. स. ५० च्या सुमारास, करिंथहून. करिंथमध्ये तो तंबू शिवण्याच्या धंद्यावर पोट भरत होता. थेस्सलनीकातल्या काही जणांनी काम सोडले होते. त्यांनी ते प्रभूच्या येण्याच्या अपेक्षेनेच सोडले की धनिकांच्या आश्रयावर जगण्याची सवय लागली होती, यावर अभ्यासकांत वाद आहे. दोन्ही गोष्टी एकत्र असण्यातही नवल नाही. पौल त्यांच्यासाठी ‘अताक्तोस’ हा शब्द वापरतो. रांग सोडलेल्या सैनिकाला तो लावत. पण त्याचा रोजचा वापर पाहायचा तर इजिप्तच्या ऑक्सिरिंकस गावात सापडलेला इ. स. ६६ चा करारनामा पाहावा. बाप आपल्या मुलाला वर्षभरासाठी विणकराकडे कामाला ठेवतो. मुलगा जितके दिवस गैरहजर राहील तितके दिवस त्याने वर्ष संपल्यावर भरून द्यायचे, नाहीतर दिवसाला एक द्राख्मा द्यायचा. त्या गैरहजेरीसाठी याच शब्दाचे क्रियापद आहे. गिरणगावात याला एकच शब्द होता: खाडा. थेस्सलनीकातले ते लोक खाडे करत होते, आणि पौलाचे उत्तरही मुकादमाच्या भाषेतले आहे: ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. इथे ‘करायचे नाही’ हे महत्त्वाचे. काम न मिळालेल्या किंवा आजारी माणसावर हे वचन फेकून मारणे चूक आहे, आणि ही चूक सर्रास होते.

पुढच्या पिढ्यांनी याचे नियम केले. ‘दिदाखे’ हे मंडळीच्या शिस्तीचे अतिशय जुने पुस्तक. त्याचे हस्तलिखित १८७३ मध्ये पुन्हा सापडले. त्याच्या १०व्या अध्यायात भोजनानंतरच्या प्रार्थनेत ‘मारानाथा’, प्रभू ये, ही अरामी हाक आहे. १६व्यात दिवे विझू देऊ नका, ही ताकीद. आणि मधे, १२व्या अध्यायात, परगावाहून आलेल्या भावाचे काय करायचे त्याचे कलम. वाटसरू असेल तर दोन, फार तर तीन दिवस ठेवून घ्या. राहायचे म्हणत असेल आणि हातात कसब असेल तर त्याने काम करून खावे. कसब नसेल तर तुम्ही विचार करून सोय लावा, पण कोणी ख्रिस्ती म्हणून आयता बसून राहू नये. तेवढेही मान्य नसेल तर तो ख्रिस्ताच्या नावाचा धंदा करणारा. परळ-लालबागच्या चाळींतल्या गाववाल्यांच्या खोल्यांना हे कलम परके वाटले नसते.

तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोमच्या हिप्पोलितसने दानिएलाच्या पुस्तकावर भाष्य लिहिले. त्यात दोन घटना आहेत, आणि त्या जगाच्या अंताच्या पुढच्या सगळ्या फसलेल्या तारखांचा साचा वाटाव्यात अशा आहेत. सिरियातला एक पुढारी मंडळीतल्या बायकामुलांसह लोकांना ख्रिस्ताला भेटायला रानात घेऊन गेला. ते डोंगरांत भटकत राहिले, आणि सुभेदार त्यांना दरोडेखोर समजून पकडणार होता. त्याची बायको ख्रिस्ती होती म्हणून ते वाचले. काळ्या समुद्राकाठच्या पोंतसमधल्या दुसऱ्याने स्वप्नांवर विसंबून सांगितले की वर्षाच्या आत न्यायाचा दिवस येईल. लोकांनी शेते पडीक टाकली, चीजवस्तू विकली. वर्ष उलटले. काही जण मुकाट पुन्हा शेतीला लागले. ज्यांनी सगळे विकले होते ते भीक मागताना दिसले. हिप्पोलितस स्वतः प्रभूच्या येण्याची शिकवण ठामपणे मांडणारा होता, हे लक्षात ठेवायला हवे.

रानात मठ उभे राहिले तेव्हा ही चूक उलटी करून वापरली गेली. बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत लूकचे ‘कंबरा बांधलेल्या व दिवे लागलेले असू द्या’ हे वचन शब्दशः अमलात आणलेले दिसते. साधूंनी अंगावरच्या कपड्यांनिशी, कंबरपट्टा बांधून झोपावे, खोलीत पहाटेपर्यंत दिवा जळत राहावा. मात्र पट्ट्यातली सुरी काढून ठेवावी, झोपेत लागू नये म्हणून. हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या तासाला, म्हणजे सुमारे दोन वाजता, प्रार्थनेला उठायचे. आणि ४८वे कलम सुरू होते ते आळस हा आत्म्याचा शत्रू आहे असे सांगून. पुढे हातकाम आणि वाचन यांच्या वेळा तासांवर ठरवून दिल्या आहेत. आगमनकाळाचे उपास गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, रूढ झाले तेही याच शतकात, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून. चार रविवार ही आजची मर्यादा रोमच्या प्रथेतून आली.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक लूथर याने केलेली मोडतोड वेगळी. तोवर ‘पाचारण’ म्हणजे मठात किंवा पुरोहितपदावर जाणे. त्याने तोच शब्द मोची, गवळण, न्यायाधीश, आई यांच्या कामाला लावला. शेजाऱ्याची गरज देव या माणसांच्या हातांनी भागवतो, हा त्याचा मुद्दा. ‘उद्या जग संपणार असेल तरी मी आज सफरचंदाचे झाड लावीन’ हे वाक्य त्याच्या नावावर प्रवचनांतून फार फिरते. ते त्याच्या लिखाणात नाही. १९४४ च्या आधी कुठे छापील किंवा लेखी मिळत नाही. त्याऐवजी त्याचा मित्र मिखाएल श्टिफेल याची हकिकत सांगावी. लोखाऊ गावचा हा पाळक गणिती होता. बायबलमधल्या अक्षरांना आकडे देऊन त्याने १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ, अशी जगाच्या अंताची वेळ काढली. गावकऱ्यांनी कामे टाकली, साठा खाऊन संपवला. आठ वाजून गेल्यावर श्टिफेलची रवानगी कोठडीत झाली आणि पदही गेले. लूथरने मध्यस्थी करून त्याला सोडवले. मग त्याने आकडे त्यांच्या जागी वापरले, आणि १५४४ मध्ये बीजगणितावरचा त्याचा चांगला ग्रंथ निघाला.

अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकऱ्याचा प्रभूच्या येण्याचा हिशेब दानिएल ८:१४ मधल्या २,३०० दिवसांवर उभा होता. दिवस म्हणजे वर्ष धरायचे आणि इ. स. पू. ४५७ पासून मोजायचे. वजाबाकीने १८४३ येते. पण इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणून १८४४ धरावे लागते, ही चूक मध्येच ध्यानात आली. अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ठरवली. काहींनी पीक शेतात उभे ठेवले, काहींनी दुकाने बंद केली. पांढरे झगे घालून टेकड्यांवर जमल्याची कथा मात्र नंतरची, विरोधकांनी रंगवलेली. आज मोबाइलवर फिरणाऱ्या तारखांचे गणितही बहुधा याच पद्धतीचे असते: एक आरंभबिंदू, दिवसाला वर्ष, आणि चूक निघाली की सुधारित आवृत्ती.

मुंबईत ही शिकवण आली ती वेगवेगळ्या बोटींतून. पोर्तुगीज काळापासूनचे ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे कॅथोलिक) शेतकरी, कोळी आणि आगरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात; नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेतात. याकोबाच्या पत्रातला शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो, ते वाचताना इथे घोटाळा होतो. पॅलेस्टाइनचा पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला, पेरणीचा; शेवटचा मार्च-एप्रिलमधला, दाणा भरण्याचा. म्हणजे आगेऱ्याच्या वेळी इथे कापणी, तर तिथे नांगर. पत्रातल्या त्या शेतकऱ्याचे वाट पाहणे नांगरण्या-पेरण्यातच जाते.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले, आणि त्यांच्या मिशनने १८२६ मध्ये मराठी नवा करार इथेच छापला. १८३३ मध्ये अँथनी नॉरिस ग्रोव्हज आला. हा एक्झेटरचा दंतवैद्य, प्रभूचे येणे अगदी जवळ मानणारा. पुढे चित्तूरला त्याने शेती आणि धंद्यावर स्वतःचे पोट भरणारे मिशन उभारण्याचा प्रयत्न केला. जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये आला, लवकरच त्याने पगार नाकारला, आणि ‘बॉम्बे गार्डियन’ चालवत १८८८ मध्ये मरेपर्यंत चाळीस वर्षे या शहरातच राहिला.

मेथडिस्टांबरोबर ३१ डिसेंबरची जागरण उपासना आली. मराठी मंडळ्यांत तिला सरळ ‘वॉचनाइट’च म्हणतात. तिचे मूळ वर्षअखेरीचे नाही. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे खाणकामगार पूर्वी गुत्त्यात काढत ती रात्र प्रार्थनेत घालवू लागले. मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने १७४० च्या दशकात ही प्रथा महिन्याला एक अशी बसवली, साडेआठपासून मध्यरात्र उलटेपर्यंत. दिवस निवडला तो पौर्णिमेजवळचा शुक्रवार, लांबून येणाऱ्यांना चांदण्यात घरी जाता यावे म्हणून. आज ती सोय रेल्वेच्या उशिराच्या विशेष लोकल करतात.

या रात्री नेहमी काही बाके रिकामी असतात. रुग्णालयातल्या परिचारिका, सोसायट्यांचे वॉचमन, मोटरमन यांची ड्युटी असते. काही ठिकाणी त्यांना साक्ष द्यायला पुढच्या रविवारी बोलावतात, जणू ते काही चुकले होते. मार्कच्या दृष्टांतात प्रत्येकाला ज्याचे त्याचे काम दिले आहे, आणि जागे राहण्याची खास आज्ञा दाराशी नेमलेल्याला आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया नागपुरात स्थापन झाले तो २९ नोव्हेंबर १९७० हा दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. २०२६ मध्येही हा रविवार २९ नोव्हेंबरलाच आहे, आणि तीन वर्षांच्या कॅथोलिक वाचनचक्राचे ब वर्ष त्या दिवशी सुरू होते. शुभवर्तमान: मार्क १३:३३-३७, द्वारपाळाचे.