किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते मोजा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणी करून गेलं की घरी निरोप येतो, पोराचे दात किडलेत, दाखवून घ्या. त्यावर आमच्या जळगाव-धुळ्याकडे ठरलेलं उत्तर, "दुधाचेच आहेत, पडतीलच की." फारच ठणकायला लागलं तर आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दातातले किडे पाडणारा शोधतात. दातात अळी नसतेच हो! तो जे पाडून दाखवतो ते पोराच्या दातातून आलेलंच नसतं, आणि पोकळी आहे तिथेच राहते.

खरा प्रकार जास्त भारी आहे. दातावर जो चिकट थर बसतो त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे बॅक्टेरिया असतात, ते साखर खाऊन लॅक्टिक अ‍ॅसिड सोडतात. 1940 च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी या थराचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) मोजला, तर साखर लागल्यावर काही मिनिटांतच तो धाडकन खाली येतो आणि परत वर यायला अर्धा-एक तास लागतो असं दिसलं. साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) विरघळायला लागतं. इनॅमल म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, म्हणजेच कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड यांचा मिळून बनलेला स्फटिक. अ‍ॅसिडमधला हायड्रोजन आयन आजूबाजूच्या द्रवातले फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड पकडून ठेवतो, मग त्या द्रवात त्यांची कमतरता पडते आणि ती स्फटिकातून भरून निघते, म्हणजे दात विरघळत जातो. लाळ उलटं काम करते, बायकार्बोनेटने अ‍ॅसिड मारते आणि कॅल्शियम-फॉस्फेट परत आणून बसवते. पेस्टमधलं फ्लोराइड हायड्रॉक्साइडची जागा घेतं, आणि त्यातून बनणारं फ्लोरअ‍ॅपटाइट पीएच 4.5 च्या आसपास येईपर्यंत टिकतं.

आता हिशोब करा. दहा गोड गोळ्या जेवणानंतर एकदम खाल्ल्या तर पीएच एकदा पडतो, त्याच गोळ्या शाळेत जाता-येता दिवसभर चघळल्या तर दहादा पडतो, लाळेला दुरुस्तीला वेळच मिळत नाही. स्वीडनमध्ये 1945 नंतर विपेहोल्म इथे संस्थेत ठेवलेल्या मतिमंद लोकांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून हेच पाहिलं, जेवणांच्या मधे चिकट गोड खाणाऱ्यांचे दात सगळ्यात जास्त किडले. माणसांवर असा प्रयोग करणं अत्यंत वाईटच, पण माहिती तिथूनच आली. आणि फक्त गोडच नाही, पाच रुपयांच्या पाकिटातले कुरकुरीत पदार्थही दातांच्या खाचेत चिकटून बसतात आणि त्यातल्या स्टार्चची साखर होते. झोपेत लाळ कमी होते म्हणून रात्रीचं ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, आणि नंतर खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड धुऊन जातं.

आणि ते "दुधाचेच आहेत" बद्दल. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक मोठी दाढ येते, कुठलाच दात न पडता येते म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. ती कायमची असते. तिच्या खाचा खोल, ब्रश तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे पहिली-दुसरीतल्या पोराचं तोंड आज रात्री टॉर्च लावून बघाच. पांढरट, खडूसारखा डाग दिसला तर अजून पोकळी झालेली नसते, तिथून दात परत भरून येऊ शकतो, डेंटिस्टकडे फ्लोराइड व्हार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) किंवा खाचा बुजवणारं सीलंट करून मिळतं.