पहिले तीन तास : अमेरिकेतल्या ‘सिव्हिल सपोर्ट टीम’ची पार्श्वभूमी

२० मार्च १९९५. टोकियोत सकाळी ऐन गर्दीच्या वेळी ओम शिनरिक्यो पंथाच्या माणसांनी भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्या आणि छत्रीच्या टोकाने फोडल्या. आत सरिन हे मज्जासंस्था बंद पाडणारं विष होतं. अग्निशमन दलाच्या पहिल्या चाचणीत उत्तर आलं अ‍ॅसिटोनायट्राइल, हे वेगळंच रसायन. ते चुकीचं होतं. पोलिसांनी सरिनचं नाव जाहीर केलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तोवर सेंट ल्यूक रुग्णालयात शेकडो माणसं अंगावरच्या त्याच कपड्यांनिशी येऊन पोचली होती. त्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने तपासणाऱ्या डॉक्टर-नर्सनाही त्रास सुरू झाला. भोपाळ आठवणाऱ्याला हे नवं नाही. १९८४ च्या त्या रात्रीही वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना कोणी धड सांगितलं नव्हतं.

नंतर महिन्याभरातच अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत दहशतवादी बॉम्बस्फोट होऊन १६८ माणसं गेली आणि तिथे प्रश्न उभा राहिला : टोकियोसारखं विष आपल्या शहरात सुटलं तर ते ओळखणार कोण? जाणकार लष्करात होते. पण केंद्राच्या फौजेला देशात पोलिसी काम करायला १८७८ च्या कायद्याने मज्जाव आहे, आणि नुसती मदत मागायची तरी विनंती वॉशिंग्टनपर्यंत जावी लागते. राखीव दलांतही रासायनिक तुकड्या होत्या, पण ते सैनिक एरवी आपापल्या नोकरीधंद्यात असतात. ते गोळा होईपर्यंत वेळ निघून जाते.

वाट सापडली ती नॅशनल गार्डमध्ये. आपल्याकडच्या प्रादेशिक सेनेसारखं हे अर्धवेळ सैनिकांचं दल, पण एक मोठा फरक आहे : एरवी ते राज्याच्या गव्हर्नरच्या हुकमात असतं. १९९८ मध्ये संरक्षणमंत्री विल्यम कोहेन यांनी गार्डच्या दहा खास तुकड्या जाहीर केल्या. याच पुढे ‘सिव्हिल सपोर्ट टीम’ म्हणून ओळखल्या गेल्या. प्रत्येकीत २२ जण, भूदल आणि हवाईदल दोन्हींच्या गार्डमधले, आणि सगळे पूर्णवेळ. माझ्या मते या योजनेचा खरा कणा हाच : माणसं राखीव दलातली, पण नेमणूक बारमाही, आणि हुकूम राज्यातूनच सुटणारा. हाक आली की पुढे जाणाऱ्या पथकाने दीड तासात निघायचं, बाकीच्यांनी तीन तासांत. सोबत गाडीवरची प्रयोगशाळा. त्यांचं काम मर्यादित ठेवलं : पदार्थ ओळखा, धोका किती ते सांगा, स्थानिक अधिकाऱ्याला सल्ला द्या. घटनास्थळाचा ताबा स्थानिक अधिकाऱ्याकडेच.

सुरुवात सुरळीत नव्हती. २००१ च्या आरंभी संरक्षण खात्याच्याच तपासनिसांनी अहवालात मुखवटे आणि फिरत्या प्रयोगशाळेतले दोष दाखवले. तोवर एकाही तुकडीला कामासाठी पात्र ठरवलं गेलं नव्हतं. हा अहवाल वेळेवर आला याचं महत्त्व फार आहे, कारण पुढचा सप्टेंबर दूर नव्हता. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कची तुकडी राज्याच्या उत्तरेकडच्या स्कोशिया गावातल्या तळावरून गाड्या घेऊन निघाली आणि त्याच दिवशी मॅनहॅटनमध्ये पोचली. धुळीच्या लोटात उभं राहून तिने हवेचे नमुने घेतले. रासायनिक, जैविक किंवा किरणोत्सारी अस्त्राचा माग लागला नाही. ढिगारे उपसणाऱ्यांच्या दृष्टीने ‘नाही’ हे उत्तरही फार मोलाचं होतं. पाठोपाठ टपालाने अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पाकिटं आली, आणि पांढरी भुकटी सापडल्याच्या वर्द्या ठिकठिकाणच्या तुकड्यांकडे येऊ लागल्या.

त्यानंतर प्रत्येक राज्याला किमान एक तुकडी देणं कायद्याने बंधनकारक झालं. आज त्या ५७ आहेत. पण २२ माणसं विष ओळखू शकतात, हजारोंना धुऊन काढू शकत नाहीत. म्हणून गार्डमध्येच शोध, सुटका, निर्विषीकरण आणि उपचार करणारी मोठी पथकं उभी राहिली. त्यातले बहुतेक सैनिक मात्र अर्धवेळच आहेत, म्हणजे हाक आली की हातातलं काम टाकून आधी घरून निघायचं.