बागकामाचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गच्चीवर भाजीपाला करणारे, सोसायटीची सामाईक बाग सांभाळणारे आणि दहा-वीस गुंठ्यांत माळवे पिकवणारे असे अनेक ग्राहक आमच्या रोपवाटिकेत "प्रमाणपत्र कुठे मिळेल?" अशी चौकशी करतात. त्यांना आम्ही प्रथम एवढेच विचारतो, की प्रमाणपत्र आपल्याला स्वतःसाठी हवे आहे, मालासाठी की धंद्यासाठी? या तिन्हींचे कागद वेगळे आहेत, आणि ते न कळल्यामुळे पैसे भरून भलताच कागद घेऊन आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

केवळ शिकायचे असेल तर सोलापूरकरांना लांब जावे लागत नाही. खेड आणि मोहोळ येथील कृषी विज्ञान केंद्रांत अल्प मुदतीची प्रशिक्षणे होतात. केगाव येथे 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंब लावणाऱ्याने तिथले मार्गदर्शन घ्यावेच, असे आमचे ठाम मत आहे. तेल्या रोगाचे जिवाणू छाटणीच्या कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्रीची पाती सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायची असते. हे वाचून समजते. पण हाताला सवय लागते ती जाणकाराशेजारी उभे राहून दोन-चार झाडे छाटल्यावरच.

माळी म्हणून नोकरी किंवा बागेच्या देखभालीचे कंत्राट हवे असल्यास भारतीय कृषी कौशल्य परिषदेचे माळीकामाचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. ते परीक्षेनंतरच मिळते, नुसत्या हजेरीवर नाही. वर्षानुवर्षे बागेत राबलेल्या, पण हाती कागद नसलेल्या व्यक्तींसाठी पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे, तिची चौकशी अवश्य करावी.

"सेंद्रिय" म्हणून माल विकण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे प्रमाणपत्र माणसाच्या शिक्षणाचे नसते, तर जमिनीचे आणि पीकपद्धतीचे असते. लहान उत्पादकाला पीजीएस-इंडिया ही सहभाग हमी पद्धत परवडते. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट करावा लागतो, सभासद एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि कोणी गुपचूप रासायनिक फवारणी केल्यास त्याची झळ संपूर्ण गटाला बसू शकते, म्हणून गट निवडताना नात्यापेक्षा सचोटी पाहावी. रूपांतराच्या, म्हणजे रासायनिक शेतीकडून सेंद्रियकडे वळण्याच्या, काळात पीजीएस-ग्रीन आणि तो पूर्ण झाल्यावर पीजीएस-ऑरगॅनिक असा दर्जा मिळतो. निर्यात करायची असेल, तर ही पद्धत पुरत नाही. त्यासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. घरच्या गच्चीवरची मेथी घरीच खाणाऱ्याला यातले काहीही लागत नाही.

फळझाडांची कलमे विकण्याचा विचार असेल, तर कोणत्याही प्रशिक्षणाचा कागद परवान्याची जागा घेत नाही. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा आहे. परवान्याची चौकशी कृषी विभागाकडे करावी.

शुल्क भरण्यापूर्वी प्रमाणपत्रावर कोणत्या संस्थेचे नाव येणार, परीक्षा कोण घेणार आणि प्रत्यक्ष बागेत किती तास काम करायला मिळणार, हे लेखी मागून घ्यावे. ग्राहकांना गुटी बांधणे (झाडावरच फांदीला मुळे आणणे) आणि माती भरणे आम्ही रोपवाटिकेत विनामूल्य दाखवतो, मात्र त्याचे प्रमाणपत्र आम्ही देत नाही, कारण तसा अधिकार आमच्याकडे नाही.